जुन्या माउंटन बाइकला मागचा शॉक शोधताना: आधी मोजमाप, मग खरेदी

जुन्या फुल सस्पेन्शन बाइकचा मागचा शॉक गेला की बहुतेक जण जुना शॉक खोलतात, टेपने मोजतात, तेवढ्याच लांबीचा मिळेल तो मागवतात आणि महिन्याभराने माझ्याकडे येतात. कुणाचा शॉक बसतच नाही, कुणाचा बसतो पण टायर सीट ट्यूबला घासतो, कुणाचे बोल्ट आत जात नाहीत. पैसे गेलेले असतात आणि वापरलेला माल सहसा कुणी परत घेत नाही. चूक दर वेळी एकाच ठिकाणी असते: शॉकची ओळख एका आकड्याने होत नाही, त्याला सहा आकडे लागतात आणि ते सगळे ऑर्डर देण्याआधी कागदावर असावे लागतात.

ते सहा असे: आय-टू-आय लांबी (आय म्हणजे शॉकच्या टोकाचं, बोल्ट जाण्याचं गोल छिद्र), स्ट्रोक (शॉक जास्तीत जास्त किती दाबला जातो), वरच्या माउंटची (शॉक फ्रेमला जोडतो त्या जागेची) रुंदी, खालच्या माउंटची रुंदी, बोल्टचा व्यास (दोन्हीकडे वेगळा असू शकतो) आणि लिव्हरेज रेशो (शॉकच्या तुलनेत चाक किती पट हलतं). खालच्या सगळ्या पायऱ्या हे आकडे मिळवण्यासाठी आणि मग ते पाळण्यासाठी आहेत.

## पायरी १: शॉक खरंच गेला आहे का, ते ठरवा

ही पायरी सोडू नका. माझ्याकडे ‘शॉक गेला’ म्हणून येणाऱ्या बाइकमध्ये कितीतरी वेळा शॉक ठीक असतो आणि बुश (आयमध्ये दाबून बसवलेली छोटी नळी) संपलेला असतो.

बाइक जमिनीवर उभी ठेवा, सीट हाताने हळूच दोन-चार मिलिमीटर वर उचला आणि दुसऱ्या हाताचं बोट शॉकच्या आयवर ठेवा. बोटाखाली ‘टक’ जाणवलं तर आयमधला बुश किंवा त्यातली पोकळ पिन (हिच्यातून बोल्ट जातो) झिजली आहे. आयजवळ काही जाणवत नाही पण स्विंगआर्मच्या मुख्य पिव्हटवर खेळ आहे, तर बेअरिंग बदला. नवा शॉक घालून यातलं काहीच सुटणार नाही.

हवा टिकत नसेल तर शॉक पंपाने हवा भरा, पंप काढा आणि व्हॉल्व्हवर व एअर कॅनच्या कडेला साबणाचं पाणी लावा. व्हॉल्व्हवर बुडबुडे आले तर आतला कोअर बदलणं पुरे. कॅनच्या कडेला आले तर सील किट लागेल. ही किट अनेक जुन्या मॉडेलांसाठी अजून मिळतात आणि नव्या शॉकच्या तुलनेत फारच स्वस्त पडतात.

शॉक बदलायलाच हवा, अशी लक्षणं वेगळी आहेत. शाफ्टवर नखाला अडकेल इतका खोल ओरखडा. दाबल्यावर आतून ‘फस-फस’ आवाज आणि रिबाउंडचा (शॉक परत येण्याच्या वेगाचा) नॉब फिरवूनही काही फरक न पडणं. शाफ्टवर तेलाचा जाड थर पुन्हा पुन्हा येणं. आयला किंवा बॉडीला चीर.

इशारा: हवा भरलेली असूनही शॉक आपोआप आखडून बसला असेल आणि परत येत नसेल, तर तो उघडू नका. हवा निगेटिव्ह चेंबरमध्ये (शॉक आखूड करणाऱ्या बाजूच्या हवेच्या कप्प्यात) अडकलेली असू शकते आणि एअर कॅन सुटताना तोफेसारखा उडतो. शिवाय बऱ्याच शॉकच्या डँपरमध्ये (उसळी आवरणाऱ्या तेलाच्या भागात) नायट्रोजन प्रचंड दाबाने भरलेला असतो. ही दोन्ही कामं सर्व्हिस सेंटरची आहेत.

## पायरी २: फ्रेम साध्या शॉकची आहे की खास शॉकची

मोजमापाला हात घालण्याआधी हे बघा, कारण उत्तर ‘खास’ आलं तर शोधाची दिशाच बदलते.

काही कंपन्यांनी ठरावीक फ्रेमसाठी स्वतःचे शॉक बनवून घेतले. ट्रेकच्या काही फ्युएल ईएक्स आणि रेमेडी बाइकवर डीआरसीव्ही शॉक आला, त्याची रचना नेहमीच्या शॉकसारखी नाही. स्पेशलाइज्डच्या बऱ्याच फ्रेममध्ये शॉकचं एक टोक आयऐवजी थेट योकला (दोन फाट्यांच्या जोडतुकड्याला) जोडलेलं असतं आणि जुन्या एपिकसारख्या बाइकवर ब्रेन यंत्रणेची नळी मागच्या चाकापर्यंत जाते. स्कॉट जीनियसच्या जुन्या पिढ्या आणि कॅननडेलच्या जेकिलचा डायड शॉक तर उलटा चालतो: चाक वर आलं की तो दाबला न जाता ताणला जातो. अशा पुल शॉकच्या जागी साधा शॉक कधीच चालत नाही.

तपासणी: मागचं चाक वर जाताना शॉक आखूड होतो का? दोन्ही टोकांना गोल आय आणि त्यातून जाणारा बोल्ट आहे का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर पुढे जा. नसेल तर जुना शॉकच दुरुस्त करून घेणं हा पहिला पर्याय. काही फ्रेमसाठी साधा शॉक बसवणारे वेगळे योक बाहेरच्या छोट्या कंपन्या बनवतात. फ्रेमचं मॉडेल आणि वर्ष टाकून ते शोधता येतात.

आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणाऱ्या ‘डबल शॉकर’ सायकलींचं इथेच सांगून टाकतो. त्यांच्या मागच्या शॉकरमध्ये सहसा तेलाचा डँपर नसतो, फक्त स्प्रिंग असते. आयच्या मध्यापासून मध्यापर्यंत तेवढ्याच लांबीचा, तेवढ्याच बोल्टचा आणि स्प्रिंगवर तोच आकडा छापलेला (७५०, १००० वगैरे, तो पाउंड प्रति इंच असतो) शॉकर सायकलच्या दुकानातून घ्या आणि बसवा. त्या फ्रेमवर महागडा एअर शॉक घालू नका. पिव्हटचे बुश तो फायदा चाकापर्यंत पोहोचूच देत नाहीत.

## पायरी ३: आय-टू-आय आणि स्ट्रोक मोजणं

साधनं: व्हर्नियर, स्टीलची पट्टी, एलन की, शॉक पंप. कापडी टेप नको. तिच्यात दोन-तीन मिलिमीटरची चूक सहज होते आणि इथे तेवढ्यात माप बदलतं.

आय-टू-आय. शॉक पूर्ण लांब झालेला हवा. एअर शॉक असेल तर त्यात थोडी हवा असू द्या. रिकामा शॉक किंचित आखडलेला असू शकतो. एका बोल्टच्या छिद्राच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. मध्य डोळ्याने पकडणं अवघड जातं, म्हणून एका छिद्राच्या वरच्या कडेपासून दुसऱ्या छिद्राच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. दोन्ही छिद्रं सारखी असतील तर उत्तर तेच येतं.

स्ट्रोक. शाफ्ट जितका बाहेर दिसतो तितका स्ट्रोक, हा सगळ्यात जास्त आढळणारा गैरसमज. शाफ्टचा काही भाग कधीच आत जात नाही. एअर शॉकची हवा हळूहळू सोडा आणि सोडताना शॉक मधूनमधून थोडा दाबत राहा. मग ओ-रिंग (शाफ्टवरची रबरी कडी) सीलला टेकवा, बाइकवर हळूच बसून शॉक तळाला टेकेपर्यंत दाबा आणि ओ-रिंग किती सरकली ते मोजा. कॉइल शॉकची स्प्रिंग आधी काढावी लागते. त्यात शाफ्टवर रबराचा बंपर असतो, तो दाबला जाईपर्यंतचा प्रवास धरा.

आता आकडा ओळखायचा. २०१६ च्या आधीच्या बहुतेक बाइकवर इंची मापं असतात:

- ६.५ × १.५ इंच = १६५ × ३८ मिमी
- ७.५ × २ इंच = १९० × ५१ मिमी
- ७.८७५ × २ इंच = २०० × ५१ मिमी
- ७.८७५ × २.२५ इंच = २०० × ५७ मिमी
- ८.५ × २.५ इंच = २१६ × ६३ मिमी
- ८.७५ × २.७५ इंच = २२२ × ७० मिमी

५१ ला काही जण ५० लिहितात, माप तेच. २०१६ पासून मेट्रिक मापं आली: १९० × ४५, २१० × ५५, २३० × ६५ आणि त्यांची कमी स्ट्रोकची भावंडं. त्यांच्याच जोडीला ट्रनियन आले. ट्रनियन शॉकच्या वरच्या टोकाला आय नसते, बोल्ट दोन्ही बाजूंनी थेट बॉडीत जातात आणि लांबी जोडीच्या मेट्रिक शॉकपेक्षा २५ मिमी कमी असते. म्हणून ‘१६५’ एवढंच वाचून खरेदी करू नका. १६५ × ३८ हा जुना इंची शॉक आणि १६५ × ४५ हा ट्रनियन. दुसरा तुमच्या जुन्या फ्रेममध्ये बसणारच नाही.

इशारा: सेकंडहँड बाइक असेल तर तिच्यावरचा शॉक मूळचा आहे असं धरू नका. तो आधीच्या मालकाने चुकीचा घातलेला असू शकतो. मोजलेला आकडा त्या मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या कॅटलॉगशी ताडून बघा. मॉडेलचं नाव तेच ठेवून पुढच्या वर्षी शॉकचं माप बदलल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

## पायरी ४: लिव्हरेज रेशो काढा

चाकाचा एकूण प्रवास भागिले शॉकचा स्ट्रोक. १२० मिमी प्रवासाच्या बाइकवर ५१ मिमी स्ट्रोक असेल तर रेशो साधारण २.४. म्हणजे शॉकवर १ मिमी फरक पडला की चाकावर सुमारे २.४ मिमी पडतो.

हा आकडा कशासाठी, ते माझ्याच अनुभवातून सांगतो. माझ्या २६ इंची चाकांच्या जुन्या बाइकला २०० × ५१ लागत होता. वापरलेला २०० × ५७ स्वस्तात मिळाला. लांबी तीच, बोल्ट तेच, बसलाही छान. सहा मिमीने काय होतंय, असं मला वाटलं. ते सहा मिमी चाकावर १४-१५ मिमी झाले. वेताळ टेकडीवरून दुसऱ्यांदा उतरताना टायर सीट ट्यूबला इतका घासला की रंग जाऊन आतलं अॅल्युमिनियम दिसायला लागलं. मोठ्या उडीनंतर तसं झालं असतं तर चाक जागेवर अडकलं असतं. शेवटी शॉकच्या आत स्पेसर घालून स्ट्रोक कमी करून घेतला. तो खर्च धरला तर स्वस्ताई उरली नाही.

यावरून नियम असे:

- स्ट्रोक जास्त: नको. शॉकमध्ये स्पेसर घालून तो कमी करता येतो याची खात्री असेल तरच घ्या.
- स्ट्रोक कमी: चालतो, प्रवास घटतो. इंची १९० × ५१ च्या जागी मेट्रिक १९० × ४५ घातला तर चाकाचा साधारण १४ मिमी प्रवास जातो, पण फ्रेमला धोका नाही. इंची शॉक मिळेनासा झाला की हा रस्ता खरोखर उपयोगी पडतो.
- आय-टू-आय जास्त: नको. २०० च्या जागी २१० घातला तर मागचा भाग २० मिमीहून जास्त वर येतो, हेड अँगल (फ्रेमच्या पुढच्या नळीचा कोन) उभा होतो आणि उतारावर बाइक पुढे ढकलते.
- आय-टू-आय कमी: बॉटम ब्रॅकेट (पेडलांच्या मधला आस) खाली येतो, पेडल दगडांवर आपटतात आणि शॉक तळाला जाण्याआधी टायर फ्रेमला लागू शकतो.

तपासणी: जुना शॉक बाइकवर असतानाच त्यातली हवा (किंवा स्प्रिंग) काढा आणि शॉक पूर्ण लांब असताना आणि पूर्ण दाबलेला असताना मागच्या अॅक्सलची फ्रेमच्या तुलनेतली उंची मोजा, त्यातला फरक म्हणजे चाकाचा प्रवास. मिळालेला प्रवास कॅटलॉगपेक्षा बराच जास्त आला तर बसवलेला शॉक चुकीचा आहे, हे इथेच कळतं.

## पायरी ५: माउंट आणि बोल्ट

शॉक मिळवणं सोपं, त्याचं हार्डवेअर मिळवणं कठीण. तरी बहुतेक जण हे शॉक हातात पडल्यावर बघतात.

शॉकच्या आयची स्वतःची रुंदी बहुतेक वेळा १२.७ मिमी असते. फ्रेमच्या दोन कानांमधलं अंतर त्याहून जास्त असतं: २२.२, २४, ३०, कधी ४० मिमीही. मधली जागा भरणारे दोन टोपीसारखे तुकडे म्हणजे रिड्यूसर. बोल्ट ६, ८ किंवा १० मिमीचा. वर आणि खाली वेगळं माप असणं अगदी नेहमीचं आहे, म्हणून दोन्हीकडे व्हर्नियरने स्वतंत्र मोजा. जुन्या रिड्यूसरवरून माप घेऊ नका, ते झिजलेले असतात. फ्रेमच्या कानांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा, बोल्ट काढून, कान न दाबता.

तयार हार्डवेअर न मिळाल्यास लेथवर करून घेता येतं. पुण्यात मी भोसरीकडच्या लेथवाल्यांकडून करून घेतो. एमआयडीसी असलेल्या कुठल्याही गावात हे काम होईल. टर्नरला तीन गोष्टी लिहून द्या, तोंडी सांगू नका:

1. पिनचा बाहेरचा व्यास हातातल्या बुशमध्ये घालून बघून ठरवायचा. सुमारे १२.७ मिमी येतो, पण पिन बोटाच्या दाबाने, थोड्या घट्टपणे आत जायला हवी. त्यामुळे शॉक किंवा बुश सोबत न्या.
2. एकूण रुंदी कानांमधल्या अंतरापेक्षा ०.१ मिमी कमी. २२.२ ला २२.१. जास्त केली तर कान ताणले जाऊन चिरतात. अर्धा मिमी कमी केली तर शॉक आडवा हलत राहतो.
3. पिनचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत. खरबरीत पिन बुशचा आतला थर फार लवकर खाते.

बुश आयमध्ये हातोडीने ठोकू नका. व्हाइसमध्ये एका बाजूला बुशएवढ्या बाहेरच्या व्यासाचा सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला जुना बुश मावेल असा मोठा सॉकेट धरून दाबा. नवा आत जाताना जुना बाहेर येतो. वाकडा जायला लागला तर लगेच थांबा.

## पायरी ६: शोधणं आणि घेणं

हातात सहा आकडे असतील तर शोध सोपा होतो. जुन्या इंची मापांचे फॉक्स फ्लोट (आरपी२३, सीटीडी) आणि रॉकशॉक्स मोनार्क वापरलेल्या बाजारात भरपूर आहेत. नव्यात डीएनएम आणि सनटूरकडे जुन्या मापांचे स्वस्त पर्याय मिळतात. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि पार्सलचा खर्च आधीच धरा. तो धरून हिशोब बदलला तर जुना शॉक सर्व्हिस करणंच परवडतं का, हे पुन्हा एकदा बघा.

वापरलेला घेताना विक्रेत्याकडे या गोष्टी मागा: शाफ्टचा जवळून फोटो, उजेडात, चहूबाजूंनी. लेबलचा फोटो. फॉक्सच्या बऱ्याच शॉकवर चार अक्षर-अंकांचा कोड असतो, त्यावरून तो कुठल्या मापाचा आणि ट्यूनचा (आतल्या डँपिंगच्या कडकपणाचा) म्हणून कारखान्यातून निघाला हे कळतं. आणि पट्टी बाजूला ठेवून काढलेला आय-टू-आयचा फोटो. ‘२०० चा आहे’ या शब्दावर पैसे पाठवू नका.

ट्यूनचंही बघा. रॉकशॉक्स मोनार्कवर रिबाउंड आणि कॉम्प्रेशनसाठी कमी, मध्यम, जास्त अशी खूण असते. लिव्हरेज रेशो ३ च्या आसपास असेल तर कमी ट्यूनचा शॉक झोके खात राहतो. २.४ च्या आसपास मध्यम ट्यून बहुतेकांना जमतो.

कॉइल शॉक घेत असाल तर स्प्रिंगचा हिशोब हवा. पूर्ण सामानासह वजन ७५ किलो, त्यातलं ६५ टक्के मागे, म्हणजे जवळपास ४९ किलो. गुणिले रेशो २.४, झाले ११७. ५१ मिमी स्ट्रोकचा ३० टक्के सॅग (तुमच्या वजनाने शॉक जितका दबतो तो) म्हणजे १५ मिमी. ११७ ला १५ ने भागलं की ७.८ किलो प्रति मिमी, आणि ५६ ने गुणलं की ४३७ पाउंड प्रति इंच. बाजारात मिळणारी जवळची स्प्रिंग ४५० ची. स्प्रिंगवर दुसरा आकडाही असतो, इंचांत. तो शॉकच्या स्ट्रोकपेक्षा कमी असता कामा नये, नाहीतर तळाला जाण्याआधी स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतील. प्रीलोडची (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी) रिंग दोन फेऱ्यांपेक्षा जास्त आवळून मऊ स्प्रिंग कडक होत नाही. कडक स्प्रिंगच घ्यावी लागते.

इशारा: लांब योक असलेल्या फ्रेमवर कॉइल शॉक घालण्याआधी फ्रेम कंपनीची परवानगी आहे का ते बघा. योक शाफ्टवर आडवा ताण देतो आणि कॉइल शॉकचे शाफ्ट अशा ठिकाणी वाकले-तुटलेले आहेत.

## पायरी ७: बसवण्याचा क्रम

इथे क्रम उलटा झाला की नुकसान होतं. हवा किंवा स्प्रिंग सगळ्यात शेवटी.

1. फ्रेमचे कान आणि बोल्ट पुसून कोरडे करा. बोल्टला चीर किंवा वाक असेल तर नवा घ्या.
2. शॉक हवेविना (कॉइल असेल तर स्प्रिंगविना) बसवा. बोल्ट हातानेच आत जायला हवा. पान्याने ओढून घ्यावा लागत असेल तर रुंदी चुकली आहे, पायरी ५ कडे परत जा.
3. मागचं चाक हाताने वर ढकलत शॉक पूर्ण तळाला न्या. या एका तपासणीने माझा तो ओरखडा टळला असता. चार जागा बघा: टायर आणि सीट ट्यूब, रिझर्व्हॉयर किंवा एअर कॅन आणि फ्रेम, लिंक आणि शॉकची बॉडी, गिअर व ब्रेकच्या केबल. टायर आणि फ्रेममध्ये निदान बोटभर जागा राहायला हवी. चाक आणि स्विंगआर्म जोराच्या धक्क्यात थोडे वाकतात.
4. सगळं मोकळं असेल तर बोल्ट काढून निळा थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा आणि फ्रेम कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळा.
5. आता हवा. साधा फूटपंप चालत नाही, शॉक पंपच लागतो. सुरुवातीला पीएसआयचा आकडा तुमच्या पाउंडमधल्या वजनाएवढा धरा: ७० किलो म्हणजे सुमारे १५५. निम्म्यापर्यंत भरल्यावर थांबा, शॉक पाव भाग दहा-पंधरा वेळा दाबा म्हणजे दोन्ही चेंबरमध्ये हवा सारखी बसेल, मग उरलेली भरा. शॉकवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका.
6. पूर्ण सामान, भरलेली पाण्याची पिशवी, हेल्मेट असं सगळं घालून, भिंतीचा आधार घेत पेडलवर उभे राहा. ओ-रिंग सीलला टेकवा, हळूच उतरा. ५१ मिमी स्ट्रोकवर ओ-रिंग १३ ते १५ मिमी सरकायला हवी. जास्त सरकली तर हवा वाढवा, कमी सरकली तर सोडा.
7. सॅग बसल्यावरच रिबाउंडला हात लावा. फुटपाथवरून बसल्या बसल्या उतरा: मागचा भाग एकदाच वर येऊन थांबायला हवा. दोनदा उसळला तर नॉब हळूकडे.

पहिल्या दोन फेऱ्या ओळखीच्या, सोप्या वाटेवर करा. परत आल्यावर ओ-रिंग कुठे आहे ते बघा. साध्या वाटेवर ती दर वेळी टोकाला जात असेल तर हवा कमी आहे. बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासा, टायरवर आणि सीट ट्यूबवर घासल्याची खूण शोधा. पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर शाफ्ट ओल्या फडक्याने पुसा; आपली लाल माती सुकली की सीलवर सँडपेपरसारखी चालते.

आणि ते सहा आकडे पक्क्या मार्करने डाउन ट्यूबच्या खालच्या बाजूला लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. पुढचा शॉक शोधाल तेव्हा बाइक पुन्हा खोलावी लागणार नाही.